ताट वेगळं, खिडकी बंद

साशंक : सिस्टर, २०२०च्या उन्हाळ्यात आमच्या घरी दुधाची पिशवी साबणाने धुतली जायची. कोथिंबिरीची जुडी मिठाच्या पाण्यात बुडवायची, नोटांवरून इस्त्री फिरवायची, कुरिअरचं खोकं दोन दिवस गॅलरीत ठेवायचं. पेपर बंद केला. आमचाच नव्हे, मुंबई-पुण्यात घरोघरी येणारा पेपर त्या काळात काही आठवडे थांबलाच होता. आणि हे सगळं उरकल्यावर आम्ही सात माणसं दारं-खिडक्या लावून, एसी चालू ठेवून एका खोलीत बसायचो. माझे थोरले भाऊ त्याच खोलीत आजारी पडले आणि त्यातून उठले नाहीत. पुढच्या वर्षी, एप्रिल २०२१मध्ये, अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने सांगितलं, की विषाणू पडलेल्या पृष्ठभागाला एकदा हात लागला तर लागण होण्याची शक्यता दहा हजारांत एकाहून कमी आहे. ते वाचलं तेव्हा मला ती दुधाची पिशवी आठवली. आम्ही काळजी घेतली नाही असं कुणी म्हणू शकणार नाही. पण होती तेवढी काळजी वस्तूंवरच खर्च झाली, हवेसाठी काही उरली नाही. तेव्हापासून ‘हे पुसा, ते धुवा’ असं कुणी सांगू लागलं की मी विचारतो : कोणता रोग, कोणत्या वस्तूने, कुणाला झाला?

दक्ष : तुमच्या भावांबद्दल बोलायला माझ्याकडे शब्द नाहीत, सर. त्या वर्षी आम्हीही चुकलो. मार्च २०२०मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी प्रयोगशाळेत मोजून सांगितलं, की हा विषाणू प्लास्टिकवर आणि स्टीलवर तीन दिवसांपर्यंत टिकतो, पुठ्ठ्यावर एक दिवस, तांब्यावर चार तास. आकडे खरे होते. वॉर्डात आम्ही कॉटचे दांडे पुन्हा पुन्हा पुसत राहिलो. त्याच प्रयोगात हवेतल्या सूक्ष्म तुषारांमध्ये विषाणू तीन तास टिकल्याचंही लिहिलं होतं. ते आमच्या मनावर ठसलं नाही, कारण दांडा दिसतो, त्याला फडकं लावता येतं. हवेला काय लावणार? इथपर्यंत मी तुमच्याबरोबर आहे.

पण एका विषाणूच्या खटल्यात वस्तू सुटल्या म्हणून सगळ्या खटल्यांत सुटत नाहीत. ‘बी’ प्रकारच्या काविळीचा विषाणू वाळलेल्या रक्तात निदान सात दिवस जिवंत राहतो. दाढी करताना गाल किंचित कापला, रक्ताचा ठिपकाही दिसला नाही, आणि तेच पातं दुसऱ्याच्या गालावर फिरलं, तर तेवढं पुरतं. उलट्या-जुलाब घडवणारा नोरोव्हायरस घ्या. २०१० साली अमेरिकेतल्या ओरेगॉनचा मुलींचा एक फुटबॉल संघ सामन्यांसाठी गेला होता. एका मुलीला हॉटेलच्या बाथरूममध्ये उलट्या झाल्या. तिथे खाऊची एक कापडी पिशवी ठेवलेली होती. त्या मुलीचा पिशवीला हातही लागला नव्हता. नंतर त्या पिशवीतली बिस्किटं आणि द्राक्षं ज्यांनी खाल्ली त्या मुली आजारी पडल्या. कोणता रोग, कोणती वस्तू, कोण माणसं, तुम्ही विचारलंत त्या तिन्हींची उत्तरं या प्रकरणात आहेत.

साशंक : आहेत, आणि म्हणूनच ते प्रकरण नोंदवून ठेवण्याजोगं ठरलं. असं स्पष्ट उत्तर विरळाच मिळतं. बहुतेक वेळा आपल्याला फक्त एवढं सांगतात, की अमुक वस्तूवर जंतू ‘सापडले’. दिल्लीतल्या संशोधकांनी चलनी नोटांवरचा डीएनए तपासला तेव्हा जिवाणूंच्या, बुरशींच्या कितीतरी जातींच्या खुणा मिळाल्या. त्याच्या बातम्या झाल्या, नोट म्हणजे रोगाचं पाकीट अशा थाटात. पण डीएनए मेलेल्या जंतूचाही सापडतो. जंतू जिवंत आहे की नाही, पुरेशा संख्येने आहे की नाही, तो बोटावर येतो का, बोटावरून नाकात किंवा तोंडात जाईपर्यंत टिकतो का, एवढे सगळे टप्पे पार पडले तर लागण. सापडणं हा त्यातला पहिला टप्पा. बँकेतला कॅशियर दिवसभर नोटा मोजतो. नोट एवढी घातक असती तर त्याची खुर्ची महिन्यातले पंधरा दिवस रिकामी दिसली असती.

आणि एक प्रयोग सांगतो. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांनी सर्दी झालेल्या माणसांना तासन् तास पत्ते खेळायला बसवलं. पत्ते, सोंगट्या, पेन्सिली शेंबडाने चिकट झाल्या. मग त्याच वस्तू दुसऱ्या खोलीत निरोगी माणसांना दिल्या, तेही १२ तास खेळले, आणि वर त्यांना सांगितलं होतं की मुद्दाम नाकाडोळ्यांना बोटं लावा. त्या १२ माणसांपैकी एकालाही सर्दी झाली नाही. १९८७ साली हे छापून आलं. आजही आपण सर्दी झालेल्या मुलाचा पेला वेगळा करतो आणि त्याला कुशीत घेऊन झोपतो.

दक्ष : तो प्रयोग मला माहीत आहे. त्याच्या पाच वर्षं आधीचा व्हर्जिनियातला प्रयोग तुम्ही सोडून दिलात. तिथे कॉफीच्या कपाचा कान सर्दीच्या विषाणूने माखला होता. निरोगी माणसांनी तो कान धरला, मग बोटं नाकाला आणि डोळ्याला लावली. दहापैकी पाच जणांना लागण झाली. रोग तोच, जवळजवळ त्याच काळातले अभ्यासक, दोन्हीकडे प्रामाणिक काम, आणि निकाल उलट. मला यातून एवढंच दिसतं, की ‘वस्तूंमुळे सर्दी होते का’ हा प्रश्नच ढोबळ आहे. किती माखलं होतं, ते ओलं होतं की वाळलेलं, मध्ये किती वेळ गेला, पृष्ठभाग गुळगुळीत की कागदी, यावर सगळं फिरतं.

वस्तूंतून होणाऱ्या संसर्गाला नाव कसं मिळालं ते बघा. इटलीतल्या व्हेरोना इथल्या जिरोलामो फ्राकास्तोरो नावाच्या वैद्याने १५४६ साली संसर्गावर ग्रंथ लिहिला. रोग तीन वाटांनी पसरतो असं त्याने मांडलं : थेट स्पर्शाने, दुरून, आणि कपडे-लाकूड यांसारख्या वस्तूंमार्फत. त्या वस्तूंसाठी त्याने जो लॅटिन शब्द वापरला त्याचा मूळ अर्थ आहे चटकन पेट घेणारं वाळलेलं जळण. आपल्याकडे चकमक झाडून ठिणगी कापसावर धरत, तो कापूस. कापूस स्वतः आग नव्हे. पण ठिणगी काही क्षण त्यात जगते, आणि तेवढ्यात कुणी फुंकर घातली तर चूल पेटते. कापूस दमट असेल, फुंकर उशिरा आली, तर काही होत नाही. त्या माणसाला जंतू माहीत नव्हते. तरी त्याने निवडलेली उपमा आजच्या कितीतरी बातम्यांहून नेमकी आहे असं मला वाटतं.

साशंक : उपमा छान आहे, पण तिच्या नावाने काय काय पेटवलं गेलं तेही सांगा. १८९६च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवीला प्लेग ओळखला गेला. पुढच्या वर्षी तो पुण्यात होता. रँडच्या प्लेग कमिटीने गोरे सोजीर घराघरांत घातले. माणसं बाहेर काढली, अंथरुणं-पांघरुणं, कपडे, लाकडी सामान चौकात आणून जाळलं, घरांत कार्बोलिक ओतलं. बायकांची तपासणी सोजिरांनी करावी याचा संताप वेगळा. २२ जून १८९७च्या रात्री चापेकरांनी रँडवर गोळी झाडली तो इतिहास प्रत्येक मराठी मुलाला शाळेत शिकवतात. पण जाळलेल्या त्या गोधडीचं काय झालं, ते जाळणं बरोबर होतं का, हे कुणी शिकवत नाही. पुढच्याच वर्षी, १८९८मध्ये, कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने दाखवलं की प्लेग उंदराच्या अंगावरच्या पिसवेतून माणसात येतो. म्हणजे चौकात गोधड्या जळत होत्या तेव्हा उंदीर मागच्या भिंतीतून शेजारच्या वाड्यात निघाले होते. ज्याचं होतं-नव्हतं जळलं त्याला त्या बदल्यात आरोग्यही मिळालं नाही.

दक्ष : रँडच्या जुलमाची बाजू मी घेणार नाही. पण गोधडी पूर्ण निर्दोष होती असंही म्हणू नका. पिसू उंदीर मेल्यावर दुसरं अंग शोधते, आणि ते मिळेपर्यंत कापडाच्या घडीत, धान्याच्या पोत्यात दबा धरून बसते. इंग्लंडमधल्या ईम या खेड्यात १६६५ साली लंडनहून शिंप्याकडे कापडाचा गठ्ठा आला आणि त्याबरोबर प्लेग आला, अशी तिथली परंपरागत हकीकत आहे. गठ्ठ्यात पिसवा होत्या असं आज मानतात. म्हणजे लोकांना कापडाची शंका आली ती अगदीच वेडगळ नव्हती. रोग खरंच कापडातून आला होता, फक्त ते समजले तसा नाही. नीट समजलं असतं तर गोधडी जाळायची गरज पडली नसती. उंदीर मारले असते, कपडे कडक उन्हात टाकले असते, उकळले असते. चूक वस्तूवर संशय घेण्यात नव्हती, संशय तिथेच थांबण्यात होती.

साशंक : आता माझं खरं म्हणणं सांगतो, कारण इथवर आपण जंतूंबद्दल बोललो. आपल्या समाजात वस्तूची भीती कधीच वस्तूपाशी थांबत नाही. ती वस्तू धरणाऱ्या हातापर्यंत जाते, आणि हाताला जात असते. महाडच्या चवदार तळ्यावर गुरंढोरं पाणी पीत होती. २० मार्च १९२७ला डॉ. आंबेडकरांनी आणि त्यांच्याबरोबरच्या हजारोंनी ओंजळीने पाणी घेतलं, तर त्यांच्यावर हल्ला झाला आणि नंतर पंचगव्याच्या घागरी ओतून तळं ‘शुद्ध’ केलं गेलं. चहाच्या टपरीवर दलितांचा कप वेगळा टांगलेला असे. तिथे कोणता जंतू होता? कुष्ठरोगाचं बघा. १८९८च्या लेपर्स अ‍ॅक्टने कुष्ठरोग्याला सार्वजनिक विहिरीचं पाणी भरायला, विकायचे पदार्थ बनवायला बंदी घालता येत होती. तो कायदा रद्द व्हायला २०१६ उजाडलं. आनंदवनात पिकलेली भाजी सुरुवातीला गावातले लोक विकत घेत नव्हते. मुळा-मेथीतून कुष्ठरोग होत नाही, पण मुळा कुणी उपटला हे त्यांना दिसत होतं.

आणि एवढं मागे कशाला जायचं? मी ३० वर्षं शाळेत शिकवलं. वर्गातली एक मुलगी अचानक डबा आणेनाशी झाली. चौकशी केली तर तिच्या आईला क्षय झाला होता. घरात आईचं ताट-वाटी वेगळी, पेला वेगळा, भांडी घासायची जागासुद्धा वेगळी. मुलीने आईचा डबा एकदा उघडला म्हणून तिला आजीने मारलं होतं. मी त्यांच्या घरी गेलो. ताटं मोरीशेजारी उपडी ठेवलेली. बाई आतल्या खोलीत, आणि तिचा खोकला शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून खिडकी बंद. क्षय ताटातून पसरत नाही, हवेतून पसरतो, हे तेव्हा मला नुसतं पुस्तकात माहीत होतं. त्या दिवशी बघितलं. घरच्यांनी काळजी म्हणून जे केलं त्यातलं ताट निरुपयोगी होतं आणि खिडकी घातक. म्हणून म्हणतो, सिस्टर, तुम्ही ‘वस्तू जपा’ म्हणता तेव्हा या समाजाला त्यात सोवळं ऐकू येतं.

दक्ष : ऐकू येतं, हे खरं आहे. या मुद्द्यावर मी अनेक वर्षं अडखळले. माझी आजी सोवळ्यात स्वयंपाक करायची आणि त्याच हातांनी तपकीर ओढायची. सोवळं आणि आम्ही वॉर्डात शिकवतो ते निर्जंतुकीकरण बाहेरून सारखं दिसतं. दोन्हीकडे ‘शिवू नका’ आहे. फरक मला व्हिएन्नाच्या गोष्टीत सापडला. तिथल्या मोठ्या प्रसूतिगृहात दोन विभाग होते. एकात डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थी बाळंतपणं करत, दुसऱ्यात सुईणी. डॉक्टरांच्या विभागात बाळंतरोगाने मरणाऱ्या बायका कितीतरी जास्त. १८४७ साली इग्नाझ सेमेलवाइसच्या लक्षात आलं, की हे लोक शवविच्छेदन करून तसेच इकडे येतात. त्याने क्लोरिनच्या चुन्याने हात धुवायला लावले आणि मृत्यू झपाट्याने खाली आले. पण त्याचे वरिष्ठ दुखावले. सभ्य, शिकलेल्या माणसाचे हात घाण असतात हे त्यांना ऐकवेना.

सोवळं विचारतं : मला कोण शिवलं? सेमेलवाइस विचारायला लावतो : मी कुणाला शिवणार आहे, आणि त्याआधी माझा हात कुठे होता? सोवळ्यात दुबळ्याने लांब उभं राहायचं असतं. संसर्गनियंत्रणात ज्याच्या हातात सत्ता आहे त्याने, म्हणजे डॉक्टरने, नर्सने, स्वयंपाक करणाऱ्याने, वस्तरा चालवणाऱ्याने, स्वतःचे हात आणि हत्यारं तपासायची असतात. एका रुग्णालयात मी नोकरीला लागले तेव्हा फरशी पुसायची एकच बादली होती. मावशी अतिदक्षता विभागापासून सुरुवात करायची आणि त्याच पाण्याने बाळंतिणींच्या वॉर्डापर्यंत पोहोचायची. कुणी विचारलं की तिलाच बोलणी बसायची, ‘तुम्हा लोकांना स्वच्छता कळत नाही’ म्हणून. दुसरी बादली मागायचा अधिकार तिला नव्हता. मोठे डॉक्टर एकच स्टेथोस्कोप २० छातींना लावत पुढे जायचे, त्यांना कुणी काही म्हणत नव्हतं. तेव्हापासून मी वस्तूंबद्दल बोलते ते मावशीच्या बाजूने बोलते.

साशंक : मग आपण एका विचित्र जागी आलो. ज्या वस्तूंना लोक भितात, म्हणजे नोट, ताट, पेपर, त्या बहुतेक निरुपद्रवी. आणि ज्यांवर लोक विश्वास टाकतात त्यांनी खरा घात केला. इजिप्तमध्ये सरकारने १९५०च्या दशकापासून जवळजवळ तीस वर्षं खेडोपाडी इंजेक्शनं देऊन रक्तातल्या कृमींचा रोग आटोक्यात आणायची मोहीम चालवली. काचेच्या सिरिंजा नीट उकळल्या जात नव्हत्या, त्याच पुन्हा पुन्हा वापरल्या. त्यातून ‘सी’ प्रकारची कावीळ देशभर पसरली. आपल्या शेजारी, गुजरातमधल्या मोडासात, २००९ साली सिरिंजांच्या पुनर्वापरातून ‘बी’ कावीळ पसरली आणि अनेकांचा जीव गेला. तिथे लोक रांग लावून, पैसे देऊन ती सुई टोचून घेत होते. दलिताच्या कपाला न शिवणारा माणूस डॉक्टरच्या सुईबद्दल एक प्रश्न विचारत नाही. भीतीची आणि धोक्याची अशी फारकत असेल, तर तुम्ही आणखी सावधपणा शिकवून काय होणार? लोक तो चुकीच्याच वस्तूवर लावतील.

दक्ष : म्हणूनच मी सरसकट सावधपणा शिकवत नाही, नाव घेऊन शिकवते. पावसाळ्यात आमच्या बाह्यरुग्ण विभागात गजकर्णाची रांग लागते. एका खोलीत सहा माणसं, दोरीवर न वाळलेले कपडे, आणि अंग पुसायला सगळ्यांना मिळून एक पंचा. ती बुरशी पंचावर, चादरीवर टिकते आणि ओलाव्यात वाढते. आई बरी होते, तोवर मुलाला होतं, मग पुन्हा आईला. इथे वस्तू हा खरा मार्ग आहे.

साशंक : आणि मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेलं स्टेरॉइडचं मलम? मी तर ऐकलं आहे की खाज थांबते म्हणून लोक तेच लावतात आणि आतून ती बुरशी पसरत जाते.

दक्ष : तेही खरं. नेहमीच्या गोळ्यांना दाद न देणारी बुरशीची एक जात आपल्या देशात पसरली आहे, तिच्या नावातच ‘इंडो’ घातलं आहे. मलम मोठा गुन्हेगार आहे. पण मलम बंद केलं आणि पंचा तोच राहिला तर रोग घर सोडत नाही. बाईला मी सांगते, प्रत्येकाचा पंचा वेगळा ठेवा, उकळा, कडक उन्हात वाळवा. ती म्हणते, बाई, आषाढात ऊन कुठून आणू? सहा पंचे कुठून आणू? तिथे माझं शास्त्र संपतं आणि तिची अडचण सुरू होते.

साशंक : म्हणजे काविळीच्या घरात ताट एकच चालेल पण वस्तरा वेगळा हवा, तोही कावीळ ‘बी’ असेल तर. दूषित पाण्यातून होणारी कावीळ असेल तर हात आणि पाणी महत्त्वाचं. गजकर्णाच्या घरात पंचा वेगळा. क्षयाच्या घरात काहीच वेगळं नको, खिडकी हवी. कोरोनात मी पिशवी धुवायला नको होती. नोरोव्हायरसमध्ये धुवायला हवी होती, आणि तीही साबणाने, कारण तुमचा सॅनिटायझर त्यावर नीट चालत नाही. सिस्टर, एवढं कुठलं घर लक्षात ठेवणार? डॉक्टर तीन मिनिटं देतो. घराला एकच नियम लक्षात राहतो, आणि तो आजीने दिलेला असतो : आजारी माणसाचं ताट वेगळं.

दक्ष : याचं उत्तर माझ्याकडे नाही. एकच नियम द्यायचा तर मी ‘हात धुवा’ म्हणते, आणि तो नियम क्षयाला लागू पडत नाही हे मला माहीत असतं. क्षयाबद्दल मात्र शंकेला जागा नाही. अमेरिकेत बाल्टिमोरला १९५०च्या दशकाच्या अखेरीस क्षयाच्या वॉर्डातली हवा नळीने वरच्या पिंजऱ्यांत सोडली. तिथल्या गिनीपिगांना रुग्णाची एकही वस्तू लागली नव्हती, तरी त्यांना क्षय झाला. त्याच सुमारास मद्रासमध्ये काही रुग्णांना सॅनेटोरियममध्ये ठेवून आणि काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या घरातच ठेवून औषधं दिली. घरी राहिलेल्यांच्या कुटुंबात त्यामुळे क्षय वाढला नाही. औषध वेळेवर सुरू होणं हे वेगळ्या ताटापेक्षा, वेगळ्या खोलीपेक्षाही मोठं संरक्षण होतं. ६० वर्षांहून जास्त काळ झाला हे कळून. मोरीशेजारची ती ताटं अजून उपडीच आहेत.

साशंक : आणि तुम्ही हे सगळं सांगितल्यावर ती आजी सुनेच्या ताटात जेवेल?

दक्ष : माहीत नाही, सर. मी गोळ्या द्यायला घरी जाते तेव्हा आधी खिडकी उघडते, मग बाईजवळ बसून तिच्याच पेल्यातून पाणी पिते. सासू दारात उभी राहून बघत असते.